गमबुटातला बोका

बोक्याची नसबंदी करण्याची एक जुनी पद्धत होती. गुडघ्यापर्यंत येणारा रबरी गमबूट घ्यायचा. बोक्याला डोक्याकडून त्यात सरकवायचं, मागचे दोन पाय आणि शेपूट तेवढी बाहेर राहील एवढं आत. दात आत, पुढची नखंही आत. मग एकाने बूट घट्ट धरायचा आणि डॉक्टरने पटकन ब्लेड चालवून मोकळं व्हायचं. भूल नाही, टाके नाहीत. बूट आडवा केला की बोका जो सुसाट सुटायचा तो संध्याकाळपर्यंत तोंड दाखवायचा नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये लहान वयाच्या बोक्यांवर असे प्रयोग सर्रास व्हायचे. करणारे लोक दुष्ट नव्हते. मांजर या प्राण्यावर वेळ, पैसा आणि भुलीचं औषध खर्च करावं, असं तेव्हा फारसं कुणाला वाटतच नव्हतं. जनावरांचा डॉक्टर म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. त्याच्याखाली गाय-बैल, मेंढ्या, डुकरं. कुत्रा त्यानंतर, आणि मांजर जवळजवळ हिशेबाबाहेर.

नेमक्या याच काळात ग्लासगो शहरातल्या एका मुलाने ठरवलं, की आपण कुत्र्या-मांजरांचं डॉक्टर व्हायचं. आल्फ वाइट त्याचं नाव. जग त्याला जेम्स हेरियट म्हणून ओळखतं. 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' तुम्ही वाचलं नसेल तर त्यावरची एखादी मालिका पाहिली असेल, बीबीसीची १९७८ची जुनी किंवा अलीकडची नवी. त्यातून डोक्यात बसलेलं चित्र ठरलेलं असतं. बोचरी थंडी, मध्यरात्र, उघडाबंब डॉक्टर आणि खांद्यापर्यंत साबण लावलेला हात गाईच्या पोटात. ते खोटं नाही. पण या माणसाला जायचं होतं ते त्या गोठ्यात नव्हेच. त्याला जायचं होतं पांढऱ्या कोटात, स्वच्छ टेबलाशी, जिथे एखादा कुत्रा झोपलाय आणि आपण त्याचं पोट शिवतोय. ते टेबल त्याला मिळालं, पण उशिरा, आणि त्याने कल्पनेत पाहिलं होतं तसं अजिबात नाही.

आल्फचा जन्म ३ ऑक्टोबर १९१६चा, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलंडचा. तीन आठवड्यांचा असताना आई-वडील त्याला घेऊन ग्लासगोला आले. वडील जहाजबांधणीत कामगार आणि मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवणारे. बोलपट आले आणि पियानोचं काम गेलं. आई गाणारी, शिवाय शिवणकामात हात चांगला. एकुलता एक मुलगा, बेताचं पण हौशी घर. या घरात डॉन नावाचा एक आयरिश सेटर होता आणि आल्फ त्याला घेऊन शहराबाहेरच्या डोंगरांत तासन् तास भटकायचा. कुत्र्यांचं वेड लागलं ते तिथे.

तेराएक वर्षांचा असताना त्याने 'मेकॅनो मॅगझिन'मध्ये एक लेख वाचला. मेकॅनो म्हणजे तेच, नट-बोल्ट आणि लोखंडी पट्ट्यांचं खेळणं. त्यांच्या मासिकात पशुवैद्यकीय करिअरवर माहिती आली होती. पुढे ग्लासगो व्हेटर्नरी कॉलेजचे प्राचार्य त्याच्या शाळेत भाषण द्यायला आले. आल्फचे विषय इंग्रजी, लॅटिन, फ्रेंच असे. सायन्सची बाजू लंगडी. तरी प्राचार्यांनी त्याला खुशाल ये म्हणून सांगितलं. यात मुलाच्या हुशारीपेक्षा कॉलेजच्या गरजेचा वाटा मोठा असावा. सरकारने १९२५मध्ये या कॉलेजचं अनुदान बंद केलं होतं आणि विद्यार्थी मिळणं ही अस्तित्वाची बाब झाली होती. ॲडमिशनसाठी कॉलेजच मागे लागतं, तेव्हा त्या क्षेत्राचं काय चाललंय हे ओळखावं. पण सोळा वर्षांच्या पोराला ते कसं कळणार?

१९३३मध्ये तो कॉलेजात गेला आणि त्याला घोडा भेटला. शरीररचना शिकायची ती घोड्याची. बाकीचे प्राणी म्हणजे घोड्यापेक्षा कुठे कुठे वेगळे, एवढीच टिपणं. औषधांचे डोसही घोड्याच्या मापाने. आणि कॉलेजबाहेर ग्लासगोच्या रस्त्यांवरून तोच घोडा दरवर्षी कमी होत चालला होता. त्याची जागा ट्रक घेत होते. म्हणजे सगळी डिग्री अशा प्राण्याभोवती बांधलेली, जो नाहीसा होत होता. कुत्र्या-मांजरांची सर्जरी अभ्यासक्रमात कोपऱ्यात कुठेतरी. आल्फला ज्यासाठी यायचं होतं ते शिकवणारं तिथे फारसं काही नव्हतंच.

शिवाय तब्येत. गुदद्वाराजवळचा फिस्टुला हे दुखणं याच वर्षांत मागे लागलं आणि पुढे त्याने बराच काळ पिच्छा पुरवला. काही विषयांत तो नापासही झाला. आपल्या भाषेत, केट्या लागल्या. पाच वर्षांचा कोर्स संपवायला सहा वर्षांहून जास्त गेली. १४ डिसेंबर १९३९ रोजी तो एकदाचा पास झाला, तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते.

नोकऱ्यांची अवस्था सांगायची तर, नुसतं जेवण आणि राहायची सोय द्या, पगार नको, असं म्हणणारे डिग्रीधारक पशुवैद्य त्या काळात होते. आल्फला जानेवारी १९४०मध्ये संडरलंडच्या एका प्रॅक्टिसमध्ये काम मिळालं, पण तिथलं भवितव्य डळमळीत होतं. जुलैमध्ये तो नॉर्थ यॉर्कशायरमधल्या थर्स्क या बाजारपेठेच्या गावी आला. पत्ता, २३ कर्कगेट. मालक डोनाल्ड सिंक्लेअर. पुस्तकातला सीगफ्रीड तो हाच. विसरभोळा, तापट, उदार, आणि सकाळी एक बोलून दुपारी उलटं बोलणारा. त्याचा धाकटा भाऊ ब्रायन, म्हणजे पुस्तकातला ट्रिस्टन, अजून पशुवैद्यकीय कॉलेजातच आणि अभ्यासाच्या बाबतीत निवांत.

आता गंमत पाहा. डोनाल्डला हवाई दलात जायचं होतं, म्हणूनच त्याने माणूस शोधला होता. आल्फ रुजू झाला आणि मालक निघून गेला. तेवीस वर्षांचा, जेमतेम सहा महिने काम केलेला मुलगा, अनोळखी मुलूख, कळायला अवघड अशी यॉर्कशायरची बोली, आणि सगळी प्रॅक्टिस एकट्याच्या डोक्यावर. विचारायला सीनियर नाही. डोनाल्ड काही महिन्यांत परत आला, हवाई दलाला तो मानवला नाही. पण तोवर आल्फ पोहायला शिकला होता, कारण पाण्यात ढकललाच होता.

काम अर्थातच गुरांचं. अडलेल्या गाई, मेंढ्या, लंगडे घोडे, दुधाळ गाईंच्या टीबीच्या तपासण्या. कुत्री-मांजरं यायची, पण अधूनमधून आणि बहुतेकदा शेतावरची. कळपामागे धावताना तारेत फाटलेली, यंत्रात पाय सापडलेली. डोनाल्डचा जीव घोड्यांवर. त्यामुळे घरातल्या खोलीत टेबलावर येणारं लहान जनावर आल्फच्या वाट्याला यायचं. ऑपरेशन थिएटर वगैरे शब्द विसरा. एक खोली, एक टेबल, उकळत्या पाण्यात घातलेली हत्यारं, आणि धरायला घरातलं जे कोणी मोकळं असेल ते.

या टेबलावर सगळ्यात मोठी भीती रक्ताची नव्हती, भुलीची होती. क्लोरोफॉर्म कुत्र्याचं हृदय अचानक थांबवू शकायचा. ईथर त्या मानाने सुरक्षित, पण जनावर झोपायला वेळ घेई, धडपडे, आणि ईथरची वाफ पेट घेते. कोळशाची शेगडी पेटलेल्या घरात ईथरची बाटली उघडणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. तिसरा पर्याय नवा होता, नेम्ब्युटॉल. हे पेंटोबार्बिटोन पुढच्या पायाच्या शिरेतून द्यायचं. अंदाजाने अर्धा डोस भरभर, मग थांबत थांबत, एकीकडे बोटांमधली कातडी चिमटत आणि पापणी हलते का बघत. कमी पडलं तर पोट उघडं असताना कुत्रा मान उचलायचा. जास्त झालं तर श्वास बंद. उतारा नाही, व्हेंटिलेटर नाही. सगळं सुरळीत झालं तरी कुत्रा कित्येक तास झोपलेला, मधूनच पोहल्यासारखे पाय मारणारा, विव्हळणारा. त्याला गार पडू द्यायचं नाही म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या आणि घोंगडी. आजच्या क्लिनिकमध्ये श्वासनळीत ट्यूब असते, गॅसचं मशीन असतं, बाजूला हृदयाची रेघ दाखवणारा मॉनिटर असतो. संध्याकाळी कुत्रा चालत गाडीत बसतो. आल्फच्या उमेदीच्या काळात यातलं काही नव्हतं. हॅलोथेन हा गॅस डॉक्टरांच्या हाती आला तोच १९५६मध्ये.

हेरियटच्या एका पुस्तकात न्हाव्याच्या कुत्रीची गोष्ट आहे. तिच्या दाढांमध्ये कोंबडीचं हाड आडवं अडकलेलं असतं. किरकोळ काम म्हणून तो थोडीशी भूल देतो, हाड काढतो, आणि बघतो तर कुत्रीचा श्वास बंद. मग तो तिला मागच्या पायांनी धरून बागेत गरागरा फिरवत सुटतो. वाचताना हसू येतं. पण तो विनोद म्हणून केलेला प्रकार नव्हता, तेव्हाच्या माणसाच्या हातात तेवढंच होतं. हेरियटच्या लेखनातलं हसू बऱ्याचदा असं भीतीच्या पातळ थरावर उभं असतं, आणि मला त्याच्यातलं तेच सगळ्यात खरं वाटतं. निसर्गवर्णनं छान आहेत, पण त्यांच्यासाठी दुसरे लेखकही मिळतील.

कुत्रीची नसबंदी आज गल्लीतल्या क्लिनिकमध्येही होते, म्हणून ती सोपी वाटते. तशी ती नाही. पोटाच्या मधोमध छेद घ्यायचा. मांजरीच्या बाबतीत ब्रिटिश पद्धत कुशीतून लहानसं भोक पाडून करायची. गर्भाशयाची दोन लांब शिंगं शोधून बाहेर ओढायची. प्रत्येकाच्या टोकाला बीजकोश, तो मूत्रपिंडाजवळ खोल कुठेतरी घट्ट बांधलेला. तो ताणून, हळूहळू सैल करून वर आणायचा आणि रक्तवाहिनीला गाठ मारायची. गाठ कॅटगटची. नावात मांजर असलं तरी हा धागा बनतो मेंढीच्या आतड्यापासून, हे जाता जाता. गाठ निसटली की रक्तवाहिनी मागे जाते, चरबीत गडप होते, आणि पोट रक्ताने भरू लागतं. कुत्री लठ्ठ असेल तर चरबीत काहीच दिसत नाही. शोधणाऱ्याच्या कपाळाला घाम, आणि भुलीची मुदत संपत चाललेली.

नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीत याच्याही पुढचं संकट येतं. गर्भाशयात पू भरतो. कुत्री खूप पाणी पिऊ लागते, अंगात विष भिनतं, आणि पूने तट्ट फुगलेली पिशवी फुटू न देता बाहेर काढावी लागते. पायोमेट्रा. रोगी आधीच अर्धमेला, भूल धोक्याची, आणि पेनिसिलिन युद्ध संपेपर्यंत पशुवैद्यांच्या हाती नव्हतंच. सल्फा औषधांवर भागवायचं. हेरियट अशा केसेसना घाबरायचा, आणि त्याने हे लपवलेलं नाही. एका पुस्तकात तो अशी एक स्पॅनियल कुत्री गाडीत घालून दुसऱ्या गावच्या मित्राकडे घेऊन जातो. हा ग्रॅनव्हिल बेनेट, पाळीव प्राण्यांच्या सर्जरीतला जादूगार, चकचकीत हॉस्पिटलचा मालक, आणि पिण्यातही तितकाच अट्टल. हे पात्र डार्लिंग्टनमधल्या त्याच्या एका खऱ्या पशुवैद्य मित्रावरून बेतलेलं. बेनेट ऑपरेशन करतो, हेरियट शेजारी उभा राहून मदत करतो आणि बघतो.

मला या प्रसंगात मोलाचं वाटतं ते हे, की नायक इथे केस दुसऱ्याकडे नेतो. आपल्याला जमणार नाही हे कुत्री मरण्याआधी ओळखतो. सहा कोटी प्रती खपलेल्या लेखकाला स्वतःच्या हातून चमत्कार घडवून दाखवणं कठीण नव्हतं. त्याने चमत्कार शेजाऱ्याला देऊन टाकला.

चमत्कार त्याच्याही वाट्याला कधी कधी येत. ऑस्कर नावाच्या मांजराची गोष्ट प्रसिद्ध आहे. रस्त्यावर सापडलेलं, पोट फाटून आतडी बाहेर आलेली, मातीने माखलेली. गोष्टीतले दोघे ठरवतात की याला शांतपणे झोपवणं हाच उपाय. ईथर काढलंसुद्धा जातं. आणि तेवढ्यात लक्षात येतं की मांजर गुरगुरतंय, खुशीत असल्यासारखं. मग दोघे आतडी सलाइनने धुतात, सल्फाची पूड टाकतात, थरावर थर शिवतात. मांजर जगतं, आणि पुढे गावातल्या सभा-समारंभांना आपण होऊन हजेरी लावणारं मांजर म्हणून नाव काढतं. यात कल्पनेची भर किती, हे मोजत बसू नये. हेरियटने नावं, वर्षं, माणसं बदलली आहेत. तो थर्स्कला आला १९४०मध्ये, पुस्तकं मात्र युद्धाआधीच्या दिवसांत सुरू होतात. मांजरं वेदनेतही गुरगुरतात, हे मात्र कुठल्याही पशुवैद्याला विचारा.

आणि काही वेळा ऑपरेशन न करणं हीच करामत. श्रीमंत बाईंचा लाडावलेला पेकिनीज ट्रिकी वू, केक आणि क्रीम खाऊन फुगलेला, हेरियट त्याला दवाखान्यात दाखल करून घेतो. उपचार काय, तर पहिले दोन दिवस पाण्यावर ठेवणं आणि मग इतर कुत्र्यांबरोबर धावू देणं. आजच्या शहरी क्लिनिकमध्ये अर्ध्याअधिक लॅब्रॅडॉरना हीच चिठ्ठी लिहून द्यायला हरकत नाही.

५ नोव्हेंबर १९४१ रोजी आल्फचं लग्न जोनशी झालं आणि जोडपं २३ कर्कगेटच्याच वरच्या मजल्यावर राहू लागलं. पशुवैद्यांना लष्करात जाण्याची सक्ती नव्हती, तरी तो पुढल्या वर्षी हवाई दलात गेला. एकट्याने विमान उडवण्यापर्यंत मजल मारली. पण तो जुना फिस्टुला पुन्हा उसळला. आता टेबलावर पडायची पाळी त्याची. ऑपरेशन झालं आणि तो लढाऊ उड्डाणाला नालायक ठरला. १९४३मध्ये घरी परत. तोवर मुलगा जिम झाला होता. १९४७मध्ये रोझी झाली.

पुढची वीस वर्षं बाहेरून पाहिलं तर एकसुरी आहेत. फोन, गाडी, गोठा, टेबल. पण याच वर्षांत त्याच्या व्यवसायाचा कायापालट झाला. शेतावर ट्रॅक्टर आला, घोडा गेला. लहान लहान गोठे बंद होऊन मोठे होत गेले. आणि गावात, घरोघरी, कुत्री-मांजरं वाढली. त्यांच्यावर पैसे खर्च करायला लोक तयार झाले. पेनिसिलिन आलं, बऱ्या भुली आल्या. सकाळच्या वेटिंग रूममध्ये टोपल्या दिसू लागल्या. ज्या कामासाठी तेराव्या वर्षी त्याने घोड्यांच्या कॉलेजात नाव घालायचं ठरवलं होतं, ते काम आपल्या पायांनी चालत त्याच्या दारात यायला लागलं, तो चाळिशीत असताना.

तेव्हा तो सुखी होता का? सगळा वेळ नाही. १९६०च्या सुमारास त्याला नैराश्याने ग्रासलं. दिवसभर हसतमुख, आणि घरी आल्यावर दूर कुठेतरी हरवलेला. त्यावर उपचार घ्यावे लागले. वरून इतकं हलकंफुलकं लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हे होतं, ही गोष्ट जगाला नीट कळली ती मुलाने वडिलांचं चरित्र लिहिलं तेव्हा. बरा होत असताना, १९६१मध्ये तो मेंढ्यांच्या कळपाचा डॉक्टर म्हणून जहाजाने सोव्हिएत बंदरात जाऊन आला, १९६३मध्ये गाई घेऊन विमानाने इस्तंबूलला. दोन्ही फेऱ्यांची टिपणं पुढे पुस्तकात उपयोगी पडली.

लिहायचं तर तो वर्षानुवर्षं म्हणत होता. रोज रात्री जोनला दिवसभरातले किस्से सांगायचे आणि हे पुस्तकात घालणार म्हणायचं. शेवटी जोनने एकदा सरळ ऐकवलं, की पन्नाशीतली माणसं काही पुस्तकं लिहायला घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी गडी कागदांचे गठ्ठे घेऊन आला. टीव्ही चालू, मुलांची ये-जा चालू, आणि हा दिवाणखान्यात टाइपरायटरवर. हस्तलिखितं साभार परत येत राहिली. पहिलं पुस्तक छापून आलं १९७०मध्ये. स्वतःच्या नावाने छापणं म्हणजे जाहिरात, आणि पशुवैद्याने जाहिरात करणं नियमात बसत नव्हतं. तेव्हा टोपणनाव हवं होतं. टीव्हीवर फुटबॉल मॅच चालू होती, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. बर्मिंगहॅमचा गोलकीपर सुरेख खेळत होता, त्याचं नाव जिम हेरियट. झालं, ठरलं.

इंग्लंडमध्ये पुस्तक बेताचंच चाललं. १९७२मध्ये अमेरिकन प्रकाशकाने पहिली दोन पुस्तकं एकत्र करून 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' काढलं, आणि मग मागे वळून पाहायची सोय राहिली नाही. ब्रिटनमध्ये तेव्हा मोठ्या कमाईवर ८३ टक्क्यांपर्यंत कर होता. इतर लेखक देश सोडून जात होते. हा थर्स्कमध्येच राहिला, कर भरत राहिला आणि सकाळी दवाखान्यात जात राहिला. वेटिंग रूममध्ये जगभरातले टूरिस्ट सहीसाठी, आणि त्यांच्याच शेजारी एखादी आजी मांडीवर टोपली घेऊन. स्थानिक शेतकऱ्यांना मात्र त्याच्या लेखक असण्याचं काडीचं कौतुक नव्हतं. गाय अडली असेल तर आलेला माणूस वेळेवर आला का, एवढाच प्रश्न.

आणि रोझी. दोन्ही मुलं लहानपणी बापाबरोबर फेरीवर जायची, शेतांची फाटकं उघडायची. दोघांनाही पशुवैद्य व्हायचं होतं. जिम झाला, १९६७मध्ये प्रॅक्टिसमध्येही आला. रोझीला मात्र आल्फने परावृत्त केलं. रात्री-अपरात्री बर्फातले गोठे, लाथा मारणारी जनावरं, तुटलेली हाडं. मुलीने हे करू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. ती माणसांची डॉक्टर झाली आणि थर्स्कमध्येच तिने प्रॅक्टिस केली. पण आल्फच्या डोळ्यांसमोर वेटिंग रूम बदलत गेली. टेबल, गॅस, टाके, कुत्री, मांजरं. या कामात मुली कुठेच कमी नव्हत्या, पुढे तर कॉलेजं मुलींनी भरली, आणि त्यांतल्या कितीतरी जणी त्याचीच पुस्तकं वाचून आलेल्या. आपण रोझीला अडवलं ते बरोबर केलं का, ही शंका त्याने पुढे लिहूनही ठेवली. मुलीला अडवताना त्याच्यासमोर १९४०चा गोठा होता. स्वतःच्या तेराव्या वर्षी पाहिलेलं टेबल तेव्हा त्याला आठवलं नाही, ही या आयुष्यातली मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वाटते.

२३ फेब्रुवारी १९९५ रोजी कर्करोगाने तो गेला. मुलांनी त्याची रक्षा व्हाइटस्टोन क्लिफच्या कड्यावर सोडली, जिथून खाली सगळं थर्स्कचं खोरं दिसतं. त्याच वर्षी काही महिन्यांत डोनाल्डही गेला. २३ कर्कगेट आता म्युझियम आहे. प्रॅक्टिस गावाबाहेरच्या नव्या इमारतीत गेली. ग्लासगोचं ते अनुदान बंद झालेलं कॉलेज १९४९मध्ये विद्यापीठात सामील झालं. त्याच्या लायब्ररीला आज जेम्स हेरियटचं नाव आहे. ज्या विषयांत तो अडकला होता, त्यांची पुस्तकंही तिथेच ठेवलेली असतात.